बॅन्टमवेटचा सगळ्यात मोठा बॉक्सर कोण? नुसत्या रेकॉर्डवरून ठरतंय का?

अनगोळ_कॉर्नर

नमस्कार मंडळी. कुस्तीवर बोलायला बेळगावात कुणालाही थांबवा, तासभर बोलेल, बॉक्सिंगवर बोलणारी माणसं मात्र शोधावी लागतात म्हणून इथं विचारतोय. विषय बॅन्टमवेटचा. ११८ पौंड, म्हणजे साधारण साडेत्रेपन्न किलो. आपल्याकडं हे नाव खाशाबांमुळं तरी ठाऊक असतंय, १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ घेतलं ते बॅन्टमवेटलाच, फक्त कुस्तीत तो गट ५७ किलोचा होता. मी विचारतोय ते प्रोफेशनल बॉक्सिंगचं.

पाच जणांचे आकडे काढलेत. ब्राझीलचा एडर जोफ्रे, ७२ जिंकल्या, २ हरला, ४ ड्रॉ, ५० नॉकआउट. मेक्सिकोचा कार्लोस झाराते, ६६ जिंकल्या, ४ हरला, आणि त्या ६६ मधले ६३ नॉकआउट. त्याच्याच देशाचा रुबेन ओलिवारेस, नव्वदीला टेकलेले विजय पण हार १३. अमेरिकेचा ओर्लांडो कॅनिझालेस, ५० जिंकल्या ५ हरला १ ड्रॉ, पण टायटल सलग १६ वेळा राखलं. आणि आपल्या काळातला जपानचा नाओया इनोए, २०२२ च्या डिसेंबरला त्यानं बॅन्टमचे चारही बेल्ट, म्हणजे डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ ह्या चार संघटनांची वर्ल्ड टायटलं, एकत्र केले तेव्हा त्याचं रेकॉर्ड होतं २४-०, त्यातले २१ नॉकआउट.

आता आमच्या ग्रुपवरची पोरं म्हणतात की शून्य म्हणजे शून्य, इनोए पहिला, विषय संपला. पण जुन्या माणसांनी लिहिलेलं काहीही वाचा, जोफ्रेचं नाव सगळ्यात वर असतंय, आणि ओलिवारेस १३ वेळा हरूनसुद्धा पहिल्या पाचाच्या बाहेर जात नाही. मग रेकॉर्ड बघायचं तरी कशासाठी? हरण्याला किंमत आहे की नाही? कुणीतरी नीट समजावून सांगा, नुसतं "माझा हा फेवरेट" असं नको.

निपाणीचा_जुना

आकडा वाचायच्या आधी तो कुठल्या वर्षी, कुठल्या वजनाला आणि कुणाकडून आला ते वाचायचं, मग हरण्याला भरपूर किंमत आहे. जोफ्रेचंच घेऊ, कारण त्याचं रेकॉर्ड नीट उलगडलं की बाकीच्यांची कशी उलगडायची ते आपोआप कळतंय.

घरच बॉक्सिंगचं, वडील किड जोफ्रे हेच त्याचे वस्ताद. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला गेला, मेडल नाही मिळालं, मग प्रोफेशनल झाला. नोव्हेंबर १९६० ला लॉस एंजलिसमध्ये एलॉय सांचेझला सहाव्या राऊंडला पाडून टायटल घेतलं. त्यानंतर आठ वेळा टायटल राखलं आणि आठही वेळा नॉकआउट किंवा स्टॉपेज, एकसुद्धा लढत जजांच्या कार्डावर, म्हणजे मार्कांवर, गेली नाही. आणि हे सगळं घरात बसून नव्हे, त्यातल्या पाच कराकासला, सॅन फ्रान्सिस्कोला, टोकियोला, मनिलाला, बोगोटाला, म्हणजे समोरच्याच्या गावात जाऊन. मध्ये जानेवारी १९६२ ला साओ पाउलोत जॉनी कॉल्डवेल आला होता, तो आयर्लंडचा, तोपर्यंत कुणाकडूनच न हरलेला, युरोपात टायटल त्याचं धरायचे. त्याला दहाव्या राऊंडला थांबवला आणि दोन चॅम्पियन असण्याचा घोळ मिटवला.

आता त्या २ हारी. पन्नास लढती न हरता १८ मे १९६५ ला जोफ्रे नागोयाला उतरला, समोर जपानचा फायटिंग हारादा. पंधरा राऊंड, स्प्लिट डिसिजन म्हणजे जजांचं एकमत नाही, हारादा जिंकला. पुढच्या वर्षी टोकियोत परत तीच जोडी, परत पंधरा राऊंड, परत हारादा. संपलं, आख्ख्या करिअरमध्ये ह्या दोनच. म्हणजे २ हारी एकाच माणसाकडून, त्याच्याच देशात, दोन्ही पूर्ण अंतराच्या, आणि त्या वेळेला जोफ्रेला ११८ पौंडावर यायलाच जड जात होतं. आणि तो माणूस कोण? १९ व्या वर्षी फ्लायवेटचा वर्ल्ड चॅम्पियन झालेला हारादा, जो राऊंड सुरू झाल्यापासून घंटा होईपर्यंत हात थांबवत नव्हता. असल्या माणसाकडून हरणं रेकॉर्डला लागलेला डाग आहे असं मला कधीच वाटलं नाही.

पुढचं तर त्याहून भारी. १९६६ नंतर जोफ्रे घरी बसला, तीन वर्षं. १९६९ ला परत आला, फेदरवेटला, १२६ पौंडाला. त्यानंतर २५ लढती लढला आणि पंचवीसच्या पंचवीस जिंकल्या. १९७३ ला ब्राझिलियात होसे लेग्राला हरवून डब्ल्यूबीसीचं फेदरवेट टायटल घेतलं तेव्हा वय ३७. त्याच वर्षी व्हिसेंते साल्दीवारसारख्या माणसाला चौथ्या राऊंडला पाडला. १९७६ ला थांबला, २०२२ च्या ऑक्टोबरला वारला.

येळ्ळूरच्या मैदानात पैलवान किती कुस्त्या मारून आला हे कुणी विचारत नाही, कुणाबरोबर जोड लागली होती हे विचारतात, तेवढंच इथं लावायचं. माझ्या मते जोफ्रे एक नंबर, आणि मी हे त्याच्या त्या दोन हारींसकट म्हणतोय.

येळ्ळूरचा_पोरगा

काका मान देऊन सांगतो, पण हे पटत नाय. तुम्ही जोफ्रेच्या हारींला एवढी कारणं सांगूलाल्यात, मग इनोए हरलाच नाय त्याचं काय? न हरण्याला काय कारण द्यायचं? 😅

त्याचं बॅन्टमचं काम बघा की. मे २०१८ ला जेमी मॅकडोनेल, पहिल्याच राऊंडला खल्लास, तो माणूस इनोएपेक्षा केवढा उंच होता बघा. ऑक्टोबरला पायानो, ७० सेकंद. सत्तर सेकंद ओ! २०१९ ला ग्लासगोत इमॅन्युएल रॉड्रिगेझ, तो पण तोपर्यंत हरला नव्हता आणि आयबीएफचा चॅम्पियन होता, दुसऱ्या राऊंडला तीनदा खाली. मग सैतामात नोनितो डोनेर, बारा राऊंड, तेवढी एकच लढत कार्डावर गेली. मग मोलोनी, दास्मारिनास, दिपाएन, परत डोनेर आणि शेवटी पॉल बटलर अकराव्या राऊंडला. बॅन्टमला ९ लढती, ९ विजय, ८ नॉकआउट. चार बेल्ट एकत्र. १९७२ च्या एन्रिके पिंडरनंतर बॅन्टमला सगळ्यांचा मिळून एकच चॅम्पियन असा झाला तो इनोएच, म्हणजे पन्नास वर्षं कुणाला जमलं नव्हतं.

आणि डोनेरबरोबरची पहिली लढत बघा म्हणजे माणूस कळतोय. दुसऱ्या राऊंडला डोनेरचा डावा हूक बसला, उजव्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं, नाकाचं पण हाड गेलं, एकाचे दोन दिसत होते आणि हा पठ्ठ्या तसाच दहा राऊंड लढला. अकराव्याला डोनेरला पोटात मारून खाली बसवला. शून्य म्हणजे नशीब नव्हे हे सांगूलालोय मी. ते शून्य त्या दिवशी जाऊ शकत होतं आणि त्यानं जाऊ दिलं नाय.

जोफ्रे मोठाच, पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या माणसाला नुसतं जुना म्हणून वर ठेवायचं हे बरोबर नाय.

शहापूरची_रेवा

तुम्ही दोघं जोफ्रे आणि इनोएवरच बसलाय आणि मूळ प्रश्नात झाराते आणि ओलिवारेस पण आहेत, त्यांचं कुणी बोलेना, म्हणून लिहितेय. मी ह्या दोघांच्या लढती मिळतील तेवढ्या सगळ्या बघितल्यात आणि माझं मत असं की पंच म्हणजे काय हे बॅन्टमवेटला ह्या दोघांनी दाखवलं तसं कुणी दाखवलं नाही.

झारातेच्या ४ हारी कुठल्या बघा. पहिली १९७८ ला पोर्तो रिकोत विल्फ्रेडो गोमेझकडून, तेव्हा झाराते ५२-०, ५१ नॉकआउट, पण ती लढत बॅन्टमची नव्हतीच, वरच्या १२२ पौंडाच्या गटात गोमेझच्या टायटलसाठी गेला होता आणि गोमेझ त्या वजनाचा इतिहासातला सगळ्यात भारी माणूस समजतात. दुसरी जून १९७९ ला लास वेगासमध्ये लुपे पिंटोरकडून, पंधरा राऊंड, स्प्लिट डिसिजन, आणि त्या निकालावर आजपण लोक भांडतात. पिंटोर आणि झाराते एकाच वस्तादाच्या हाताखालचे, हे लक्षात घ्या. झारातेला ते एवढं लागलं की त्यानं बॉक्सिंगच सोडलं, सात वर्षांच्या आसपास रिंगकडं फिरकला नाही. उरलेल्या २ हारी जेफ फेनेक आणि डॅनियल झारागोसाकडून, त्या १९८७ आणि १९८८ च्या, पस्तिशी ओलांडून परत आल्यावरच्या आणि त्या पण १२२ लाच. म्हणजे ऐन भरातला झाराते बॅन्टमवेटला हरला तो एकदाच, आणि ती हार पण वादातली. रेकॉर्डवर ४ दिसतंय, मी १ वाचते, ते पण अर्ध्या मनानं.

आणि जिंकलेल्यांतलं एकच सांगते. एप्रिल १९७७, इंगलवूड, झाराते विरुद्ध अल्फोन्सो झामोरा. झाराते डब्ल्यूबीसीचा चॅम्पियन ४५-०, ४४ नॉकआउट. झामोरा डब्ल्यूबीएचा चॅम्पियन २९-०, २९ नॉकआउट. दोघांच्या मिळून ७४ लढती, ७३ नॉकआउट! एवढं असून टायटल पणाला नव्हतं, दहा राऊंडची साधी लढत ठरवलेली. चौथ्या राऊंडला झारातेनं संपवलं. इनोएच्या पोरांनी ही लढत बघावी आणि मग बोलावं, राग मानू नका.

ओलिवारेसचं वेगळं. तो १९६९ च्या ऑगस्टला लायोनेल रोझला पाचव्या राऊंडला पाडून चॅम्पियन झाला तेव्हा त्याला हार म्हणजे काय माहीतच नव्हतं. पहिली हार ऑक्टोबर १९७० ला चुचो कास्तिल्योकडून, भुवई पहिल्याच राऊंडला फुटली आणि रक्त थांबेना म्हणून १४ व्या राऊंडला लढत थांबवली. पुढच्या एप्रिलला त्याच कास्तिल्योकडून टायटल परत घेतलं. १३ मधल्या बऱ्याचशा हारी नंतरच्या, वरच्या वजनातल्या, वय झाल्यावरच्या. ट्रेनिंगपेक्षा मजा करण्यात त्याचा जीव जास्त होता हे सगळा मेक्सिको जाणतो. तरी फेदरवेटला दोनदा चॅम्पियन झाला. म्हणून त्याला वर ठेवतात.

माझा क्रम जोफ्रे, ओलिवारेस, झाराते. इनोए चौथा.

खानापूर_फौजी

सर्वांना नमस्कार. मी फौजेत असताना युनिटच्या टीममधून बॉक्सिंग केलंय, अमॅच्युअर, बॅन्टमलाच. त्यामुळं एक गोष्ट कुणी बोललं नाही ती सांगतो. वजन.

वजन उतरवणं म्हणजे काय असतंय ते उतरवलेल्यालाच कळतंय. दोन-तीन किलो शेवटच्या दिवसांत काढायचे म्हणजे तोंडाला थुंकी राहत नाही, पाय जड होतात, रात्री झोप नाही. जोफ्रेच्या काळात वजन लढतीच्याच दिवशी करायचे. सकाळी काट्यावर ११८ दाखवायचं आणि रात्री पंधरा राऊंड लढायचं. आज वजन आदल्या दिवशी करतात, मध्ये खायला-प्यायला चांगला दिवसभर मिळतो, माणूस काही किलो वाढूनच रिंगमध्ये येतो. म्हणजे आजचा ११८ पौंडवाला लढताना ११८ नसतोच. उद्या जोफ्रेला ही सवलत दिली असती तर त्या नागोयाच्या रात्री काय झालं असतं ते ज्यानं त्यानं ठरवावं, आमचं पोट रिकामं असताना हात उचलायला काय लागतंय ते आम्हाला ठाऊक आहे.

दुसरं, पंधराचे बारा राऊंड कधी झाले? नोव्हेंबर १९८२ ला कोरियाचा किम डुक-कू हा लाइटवेट लढतीनंतर मरण पावला, त्यानंतर डब्ल्यूबीसीनं बारा केले, बाकीच्या संघटना पुढच्या पाच-सहा वर्षांत तिथंच आल्या. चांगलंच झालं, माणसाचा जीव पहिला. पण रेकॉर्ड बघताना १३, १४, १५ हे तीन राऊंड डोक्यात ठेवावेत. रेवाताईंनी सांगितलेली कास्तिल्योची लढत १४ व्याला थांबली, आजच्या नियमात ती बाराव्याला कार्डावर गेली असती.

तिसरं, जोफ्रेच्या वेळेला बॅन्टमनंतर सरळ फेदर, ११८ वरून १२६. मधला १२२ चा गट १९७६ ला आला. आज तीन-चार पौंडाला एक गट आणि गटाला चार बेल्ट. म्हणून "किती गटांत चॅम्पियन" हा आकडा जुन्या आणि नव्या माणसाला सारखा लावता येत नाही.

जाता जाता आपल्या लोकांचं पण नाव घेऊ. १९९८ च्या बँकॉक एशियाडला मणिपूरच्या डिंको सिंगनं बॅन्टमवेटलाच गोल्ड मारलं, ५४ किलो. नेव्हीचा माणूस. त्या गोल्डनंतर आमच्या बराकीत किती पोरांनी ग्लोव्हज मागितले ते मी बघितलंय. २०२१ ला गेला बिचारा, ४२ वर्षांचा होता. आणि २००८ ला बीजिंगला अखिल कुमारनं रशियाच्या वर्ल्ड चॅम्पियन वोदोप्यानोव्हला ९-९ अशा बरोबरीनंतर काउंटबॅकवर, म्हणजे जजांनी दिलेले पंच परत मोजून, हरवलं, ती लढत बघताना आख्खी बराक उभी होती. पुढं क्वार्टर फायनलला हरला. प्रोफेशनल रेकॉर्डात ह्यांचं कुठं काय येत नाही, पण बॅन्टमवेट म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं हीच दोघं येतात.

येळ्ळूरचा_पोरगा

फौजी काका वजनाचं कायतरी वेगळंच कळलं आज, थँक्यू. पण मग हे इनोएला पण उलट्या बाजूनं लावा की, समोरचा पण आदल्या दिवशी वजन करून वाढून येतोय, सवलत दोघांना सारखीच. आणि तो १०८ पासून सुरू झाला, सहाव्याच लढतीत वर्ल्ड टायटल, आठव्याला ११५ चं, म्हणजे बॅन्टमला तो खालून वर आला, वरून खाली वजन उतरवून नाय आला. पुढं १२२ ला पण २०२३ संपायच्या आत चारही बेल्ट. दोन गटांत चारही बेल्टवाला म्हणजे खेळ नव्हे.

अनगोळ_कॉर्नर

भारी चाललंय, असंच पाहिजे होतं. कॅनिझालेसचं मात्र राहिलं. सलग १६ वेळा टायटल राखणं हा बॅन्टमवेटचा विक्रम आहे ना? मग त्याला कुणीच पहिल्या तिघांत का घेत नाही? आणि मॅन्युएल ऑर्टिझ म्हणून एक नाव दिसलं, त्यानं पण १५ च्या वर वेळा राखलंय, पण हार २५ च्या वर. हे काय प्रकरण?

निपाणीचा_जुना

कॅनिझालेस टेक्सासमधल्या लारेडोचा, मेक्सिकोच्या सीमेवरचं गाव ते. १९८८ ला केल्विन सीब्रूक्सला पंधराव्या राऊंडला थांबवून आयबीएफचं टायटल घेतलं आणि १९९४ पर्यंत कुणाला दिलं नाही. बॅन्टमवेटला टायटल कुणी त्याच्याकडून काढून घेतलंच नाही, तो स्वतः सोडून वरच्या वजनात गेला आणि तिथं विल्फ्रेडो वाझकेझकडून थोडक्यात हरला. हातपाय, डोकं, सगळं फर्स्ट क्लास. कमी पडलं ते एकच, दुसऱ्या बेल्टवाल्या चॅम्पियनबरोबर त्याची जोड लागली नाही. लावली नाही की लागू दिली नाही ते वेगळं, प्रमोटर आणि टीव्हीवाल्यांना त्या काळात लहान वजनात रस नव्हता. त्याच्यावर अन्याय झालाय असं मला मनापासून वाटतंय. १६ चा आकडा खरा, पण त्या सोळांत एक झामोरा नाही, एक हारादा नाही.

ऑर्टिझ त्याच्या उलटा. कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रोचा. १९४२ ला लू सालिकाकडून टायटल घेतलं, १९४७ च्या जानेवारीला हॅरोल्ड डेडकडून हरला, दोनच महिन्यांत परत घेतलं, मग १९५० ला जोहान्सबर्गला विक टोवीलकडून गेलं ते गेलं. पण मधल्या काळात टायटल नसलेल्या लढती ढीगभर लढायचा, वरच्या वजनाच्या माणसांबरोबर पण, कारण पोट त्यावर चालायचं. महिन्याला एक लढत हा तेव्हा नेम होता. आजचा चॅम्पियन वर्षाला दोन-तीन लढतो आणि त्यासाठी महिनोन्महिने तयारी करतो. म्हणून १९४० च्या माणसाच्या २५ हारी आणि आजच्या माणसाचं शून्य एका तराजूत घालायचं नाही.

अजून मागं जायचं असेल तर पनामा अल ब्राऊन बघा. पनामातल्या कोलोनचा, १९२९ ला बॅन्टमवेट चॅम्पियन, लॅटिन अमेरिकेचा पहिलाच वर्ल्ड चॅम्पियन. उंची सहा फुटाला जवळपास टेकलेली आणि वजन ११८! दीडशेच्या वर लढती. १९३५ ला व्हॅलेन्सियात सांगचिलीकडून हरेपर्यंत टायटल त्याच्याचकडं. काळा माणूस म्हणून अमेरिकेत त्याला मान मिळाला नाही, पॅरिसनं डोक्यावर घेतला, आणि १९५१ ला न्यूयॉर्कमध्ये अगदी गरिबीत गेला. रेकॉर्ड बघताना हे पण दिसलं पाहिजे असं मला वाटतं.

शहापूरची_रेवा

अल ब्राऊनचं लिहिलंत ते बरं केलंत काका. आणि कॅनिझालेसबद्दल शंभर टक्के सहमत. पण मग त्याच न्यायानं इनोएला मोजा, त्याच्या बॅन्टमच्या ९ लढतींत जोफ्रेच्या हारादासारखा ऐन भरातला माणूस कोण होता? डोनेर ३६ वर्षांचा होता.

येळ्ळूरचा_पोरगा

३६ चा होता पण ३८ व्या वर्षी ओबालीला चौथ्या राऊंडला पाडून परत डब्ल्यूबीसी चॅम्पियन झाला ना ताई! म्हणजे संपलेला नव्हता. आणि मग त्यालाच इनोएनं दुसऱ्या वेळेला दोन राऊंडात झोपवला. माझा इनोए एक नंबर, जोफ्रे दोन. तेवढं जोफ्रेला मानलं बघा.

अनगोळ_कॉर्नर

मी तरी आता आधी जोफ्रे-हारादा बघणार. पहिली बघू की दुसरी, काका?

निपाणीचा_जुना

पहिली, नागोयाची. आवाज बंद करून बघा, कॉमेंट्री माणसाला एका बाजूला ओढते, आणि प्रत्येक राऊंड संपला की कागदावर तुमचे मार्क लिहा. मग इथं टाका, येळ्ळूरच्या पोरालापण लिहायला सांगा.